रीडिंग्ज कोणाची? : रोझलिंड फ्रँकलिनची गोष्ट

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलवर काय चालतं ते मी सांगायला नको. एका रूममध्ये एक जर्नल उघडं पडलेलं असतं आणि त्याच्याभोवती सहा जणी बसून रीडिंग्ज उतरवत असतात. प्रॅक्टिकलला रीडिंग घेणारी एकच असते, बाकीची बॅच तेव्हा कँटीनमध्ये असते. सेकंड इयरला मीही अशीच रीडिंग्ज उतरवली होती. व्हायवामध्ये सरांनी विचारलं की तिसरं रीडिंगच एवढं वेगळं का आलं, आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. जिने ते रीडिंग घेतलं होतं तिला कारण माहीत होतं. मध्येच पाण्याचं प्रेशर पडलं होतं. पण ते जर्नलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. आकडे माझ्याकडे आले, कारण तिच्याकडेच राहिलं.

पुढे मटेरियल्सच्या सेमिनारसाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन हा विषय मिळाला आणि त्या निमित्ताने रोझलिंड फ्रँकलिनबद्दल वाचायला लागले. बारावीच्या बायोलॉजीत डीएनएच्या धड्यात तिचं नाव एका ओळीत येऊन जातं. तिचा एक फोटो दुसऱ्या कोणीतरी बघितला आणि नोबेल त्यांना मिळालं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पूर्ण गोष्ट वाचली तेव्हा कळलं की ती यापेक्षा बरीच मोठी आहे आणि आपण समजतो तेवढी सरळही नाही.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनचा. घर सुखवस्तू ज्यू कुटुंबाचं, घराण्याचा धंदा बँकिंगचा. पाच भावंडांत ती दुसरी. सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही तिची शाळा, जिथे त्या काळीही मुलींना फिजिक्स आणि केमिस्ट्री नीट शिकवत असत. १९३८ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली आणि १९४१ मध्ये तिने शेवटची परीक्षा दिली. गंमत म्हणजे तेव्हा केंब्रिज मुलींची परीक्षा घ्यायचं, निकाल लावायचं, पण मुलांसारखी पूर्ण पदवी द्यायचं नाही. ती सुरू झाली १९४८ मध्ये. म्हणजे अभ्यास सारखा, पेपर सारखा, फक्त शेवटचा कागद वेगळा!

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये तिने कोळशावर संशोधन करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेत नोकरी धरली. इथून पुढचा भाग आपल्या ब्रँचच्या जवळचा आहे. कोळसा बाहेरून घट्ट दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. ही छिद्रं किती बारीक आहेत हे शोधायला तिने हीलियमसारखा लहान अणूंचा वायू वापरला. काही छिद्रांची तोंडं इतकी बारीक निघाली की लहान रेणू आत जातात आणि मोठे बाहेरच अडकतात, अगदी चाळणीसारखं. या कामावर १९४५ मध्ये तिला केंब्रिजची पीएचडी मिळाली. वय पंचवीस.

१९४७ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत झाक मेरिंग यांच्याकडे ती एक्स-रे डिफ्रॅक्शन शिकली. थिअरी आपल्याला माहीत आहेच. क्रिस्टलमधल्या अणूंच्या थरांवर एक्स-रे पडले की ते ठरावीक कोनांतच जोरात बाहेर येतात आणि त्या कोनावरून थरांमधलं अंतर काढता येतं. हाच ब्रॅगचा नियम. पण रोझलिंडने हे तंत्र कार्बनसारख्या अर्धवट रचनेच्या पदार्थांना लावलं. तिने दाखवलं की काही कार्बन तापवत नेले की त्यांचं ग्रॅफाइट होतं आणि काहींचं ३००० अंश सेल्सिअसला नेलं तरी होत नाही. १९५१ मध्ये छापलेला तिचा हा पेपर आजही वाचला जातो, कारण ग्रॅफाइट न होणाऱ्या या कार्बनचाच एक प्रकार, म्हणजे हार्ड कार्बन, सोडियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडमध्ये वापरतात. डीएनएला हात लावायच्या आधीच ती कार्बनमधलं मोठं नाव झालेली होती, ही गोष्ट आपल्या पुस्तकात नसते.

पॅरिसमध्ये ती मनापासून रमली. सोबत जेवायचं, तावातावाने वाद घालायचा आणि वाद संपला की पुन्हा कामाला लागायचं, अशी तिथली रीत होती. तिचा स्वभाव त्यात फिट बसला. जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आली आणि इथे गाडी रुळावरून घसरली.

घसरली ती एका पत्रामुळे. लॅबचे प्रमुख होते जॉन रँडल. रोझलिंडला आधी प्रोटीनवर काम करायचं होतं. पण डिसेंबर १९५० मध्ये रँडल यांनी तिला पत्राने कळवलं की तिने डीएनए करावं आणि डीएनएच्या एक्स-रे कामावर सध्या ती आणि रिसर्च स्टुडंट रेमंड गॉसलिंग असे दोघेच असतील. आता हेच काम तिथे मॉरिस विल्किन्स आधीपासून करत होते. गॉसलिंगकडून पहिले चांगले फोटो त्यांनीच काढून घेतले होते. त्यांना या पत्राबद्दल काहीच माहीत नव्हतं. ते सुट्टीवरून परतले तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या मदतीला एक एक्सपर्ट आली. तिला वाटत होतं, हा विषय माझा आहे. विद्यार्थी तिच्याकडे गेला होता, नवीन उपकरणं तिच्याकडे गेली होती आणि ज्यावर सगळं अवलंबून होतं तो डीएनएसुद्धा.

त्या डीएनएची गोष्टही सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे रुडॉल्फ सिग्नर फार शुद्ध आणि लांब धाग्यांचा डीएनए तयार करायचे. मे १९५० मध्ये ते लंडनला एका सभेसाठी आले आणि त्यांनी बरोबर आणलेला नमुना ज्यांना हवा त्यांना वाटून टाकला. विल्किन्सना तो असा मिळाला. म्हणजे या सगळ्या गोष्टीची सुरुवातच कोणीतरी मोकळ्या मनाने वाटण्यापासून होते. पण नमुना किंग्जला आला आणि तो नेमका कोणाचा यावर धुसफूस सुरू झाली.

दोघांचे स्वभावही जुळणारे नव्हते. ती थेट बोलायची, समोरच्याच्या डोळ्यात बघून वाद घालायची. ते लाजाळू, वाद आला की गप्प होऊन निघून जाणारे. शेवटी रँडल यांना वाटणी करून द्यावी लागली. सिग्नरचा डीएनए आणि त्याचं ए रूप रोझलिंडकडे, बी रूप विल्किन्सकडे. विल्किन्सना दुसरीकडून आलेला डीएनए वापरावा लागला आणि त्याचे चांगले फोटो येईनात. एकाच कॉरिडॉरमधली दोन माणसं, एकच रेणू, आणि मध्ये भिंत.

हे ए आणि बी काय आहे? ही रोझलिंडची पहिली मोठी कामगिरी. तिने डीएनएचा अगदी बारीक धागा ओढून एक्स-रे कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेऱ्यातली हवा काढून टाकून तिथे ठरावीक दमटपणाचा हायड्रोजन सोडला. हा हायड्रोजन ती मिठांच्या द्रावणातून बुडबुडे काढत न्यायची. द्रावण बदललं की दमटपणा बदलायचा. सुमारे ७५ टक्के रिलेटिव्ह ह्युमिडिटीला डीएनए एका रूपात असतो, त्याचे फोटो ठिपक्याठिपक्यांचे आणि रेखीव येतात. हे ए रूप. ९० टक्क्यांच्या वर गेलं की तोच धागा पाणी पिऊन लांब होतो आणि वेगळाच फोटो देतो. हे बी रूप. याच्या आधीच्या बऱ्याच फोटोंत ही दोन रूपं मिसळलेली असायची आणि म्हणून कोणालाच नीट अर्थ लागत नव्हता. आता माझ्या व्हायवाची आठवण काढा. नुसता फोटो उपयोगाचा नसतो. तो कुठल्या दमटपणाला घेतला हे बरोबर लिहिलेलं असेल तरच त्याला किंमत. रोझलिंडच्या वह्यांमध्ये ते लिहिलेलं असायचं.

नोव्हेंबर १९५१ मध्ये तिने किंग्जमध्ये एक भाषण दिलं आणि त्यात हे सगळं मांडलं. ऐकणाऱ्यांत केंब्रिजहून आलेला तेवीस वर्षांचा जेम्स वॉटसन होता. त्याने नोट्स घेतल्या नाहीत. परत जाऊन त्याने आणि फ्रान्सिस क्रिकने आठवणीवर तीन साखळ्यांचं मॉडेल उभं केलं, फॉस्फेट आतल्या बाजूला ठेवून. पाण्याचं प्रमाण तो चुकीचं लक्षात ठेवून गेला होता. किंग्जची मंडळी मॉडेल बघायला गेली तेव्हा रोझलिंडने उभ्याउभ्याच सांगितलं की फॉस्फेट बाहेर असायला हवेत, कारण पाणी त्यांना चिकटतं. दोघांची चांगलीच फजिती झाली आणि त्यांचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग (ब्रॅगचा नियमवाले तेच) यांनी त्यांना डीएनए बंद करायला लावला.

मे १९५२ मध्ये रोझलिंड आणि गॉसलिंगने बी रूपाचा एक फोटो घेतला. एका धाग्यावर साठ तासांहून जास्त वेळ एक्स-रे सोडून एक फिल्म! अनुक्रमांक ५१. फोटोच्या मध्यभागी ठिपक्यांची फुली दिसते. अशी फुली म्हणजे हेलिक्स, म्हणजे जिन्यासारखी गोल गोल वर जाणारी रचना, हे डिफ्रॅक्शन जाणणाऱ्याला लगेच ओळखता येतं. फुलीतल्या ओळींच्या अंतरावरून एका वळणाची उंची ३४ अँगस्ट्रॉम निघते. वरच्या आणि खालच्या ठळक डागांवरून आतल्या पायऱ्यांमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. म्हणजे एका वळणात दहा पायऱ्या.

मग तिने लगेच मॉडेल का नाही बांधलं? इथे मला खरंखरं लिहायला हवं, नाहीतर हा लेख नुसतं कौतुक होईल. तिने हा फोटो बाजूला ठेवला आणि ए रूपाकडे वळली. तिच्या दृष्टीने ए चे फोटो जास्त श्रीमंत होते. ठिपके जास्त म्हणजे मोजमापं जास्त, आणि मोजमापं जास्त म्हणजे अंदाज कमी. अडचण अशी असते की फिल्मवर किरणांची तीव्रता उतरते पण फेज हरवतो. अर्धी माहिती गेलेलीच असते. फेजशिवाय चालणारं एक गणित आहे, त्याला पॅटरसन फंक्शन म्हणतात. ते तिने करायला घेतलं. कॉम्प्युटर नव्हता. आकडे छापलेल्या कागदी पट्ट्यांची पेटी असायची. त्यातल्या पट्ट्या काढून, बेरजा करून, परत जागेवर ठेवायच्या. याला महिने लागले. मध्येच तिला वाटू लागलं की ए रूप हेलिक्स नसावंच. जुलै १९५२ मध्ये तिने आणि गॉसलिंगने ए रूपातल्या हेलिक्सच्या निधनाची काळी चौकट घातलेली गमतीची पत्रिकाही काढली. तिथे ती चुकली होती. पण अंदाजाने मॉडेल बांधायचं नाही, डेटा सांगेल तेच मानायचं, हा तिचा हट्ट होता. हा हट्ट शास्त्रात चांगला की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९५३ उजाडलं तेव्हा रोझलिंड किंग्ज सोडायच्या तयारीत होती. गॉसलिंग पुन्हा विल्किन्सकडे जाणार होता आणि लॅबचं काम तिथेच राहणार होतं. त्या सुमारास गॉसलिंगने फोटो ५१ विल्किन्सच्या हाती दिला. ३० जानेवारीला वॉटसन किंग्जला आला होता. विल्किन्सनी तो फोटो त्याला दाखवला. रोझलिंडला विचारलं नव्हतं.

दुसरा धागा यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. किंग्जच्या लॅबला पैसे देणाऱ्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची एक समिती डिसेंबर १९५२ मध्ये लॅब बघायला आली होती. त्यांच्यासाठी प्रत्येकाने आपल्या कामाचा सारांश लिहून दिला. रोझलिंडच्या सारांशात ए रूपाच्या युनिट सेलची मापं आणि सिमेट्री होती. समितीवर केंब्रिजचे मॅक्स पेरुट्झ होते. त्यांच्याकडून तो अहवाल फेब्रुवारीत क्रिककडे पोचला. अहवालावर गोपनीय असा शिक्का नव्हता. क्रिकने सिमेट्री बघितली आणि त्याला उमगलं की दोन साखळ्या उलटसुलट दिशांनी धावायला हव्यात. त्याला हे एवढं झटकन दिसलं, कारण त्याच प्रकारच्या सिमेट्रीच्या हिमोग्लोबिनवर तो स्वतः पीएचडी करत होता. रोझलिंडकडे आकडा होता, पण त्या आकड्याचा हा अर्थ तिला दिसला नव्हता.

इकडे ती थांबलेली नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या वहीत ए आणि बी दोन्हींत दोन साखळ्या असल्याचं लिहिलेलं आहे. मार्चच्या मध्यावर तिने बी रूपावरचा पेपर लिहून काढला होता. पण २८ फेब्रुवारीला केंब्रिजमध्ये बेसेसच्या जोड्या जुळल्या होत्या. ए समोर टी, जी समोर सी. ही उडी मात्र वॉटसन आणि क्रिकचीच होती. ती तिच्या वहीत नाही.

२५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये तीन पेपर ओळीने आले. पहिला वॉटसन-क्रिक, दुसरा विल्किन्स आणि सहकारी, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंग. तिसरा वाचणाऱ्याला वाटावं की दोघांनी मॉडेल मांडलं आणि हिने त्याला दुजोरा दिला. प्रत्यक्षात तिची मोजमापं आधीची होती आणि मॉडेल त्यावर उभं होतं. पहिल्या पेपरात अप्रकाशित कामाची साधारण कल्पना असल्याचा एक मोघम उल्लेख तेवढा आहे.

मग ही चोरी होती का? हॉस्टेलवर मी हा प्रश्न टाकला तर दोन पार्ट्या पडल्या आणि मेसची वेळ टळेपर्यंत भांडण चाललं. २०२३ मध्ये मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासून 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. १९५३ मध्येच 'टाइम' साप्ताहिकासाठी तयार झालेला, पण न छापलेला एक मसुदा त्यांना सापडला. त्यात हे काम दोन जोड्यांचं मिळून झालं असं दाखवलं होतं. किंग्जमधल्या एका सहकारी बाईंचं क्रिकला लिहिलेलं पत्रही त्यांना मिळालं. त्यावरून दिसतं की पेरुट्झमार्फत किंग्जची माहिती केंब्रिजला पोचते हे किंग्जमध्ये ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं की रोझलिंड बिचारी फसवली गेलेली मुलगी नव्हती, चौघांतली बरोबरीची शास्त्रज्ञ होती. मला हे पटतं. पण म्हणून तिची परवानगी न घेता तिचे आकडे वापरणं आणि नंतर ते स्पष्ट न सांगणं बरोबर ठरत नाही. तिला बिचारी म्हणणंही चूक आणि जे झालं त्यावर पांघरूण घालणंही चूक.

तिने स्वतः मॉडेल लगेच मान्य केलं. रडारड नाही, पत्रापत्री नाही. उलट जुलै १९५३ मध्ये तिने आणि गॉसलिंगने ए रूपाच्या पॅटरसन गणितातून दोन साखळ्यांचा पुरावा छापला. जाताना रँडल यांनी तिला डीएनएवर काम करणं थांबवायला सांगितलं. विषय लॅबचा, माणसाचा नाही!

मार्च १९५३ पासून ती लंडनच्याच बर्कबेक कॉलेजमध्ये जे. डी. बर्नाल यांच्याकडे होती. इमारत जुनी, एक्स-रेची उपकरणं तळघरात आणि तिची खोली पार वर. तिथे तिने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा टोबॅको मोझॅक व्हायरस घेतला. १९५४ मध्ये अ‍ॅरन क्लूग तिला येऊन मिळाले आणि दोघांचं छान जमलं. हा व्हायरस म्हणजे एक पोकळ दांडी. प्रोटीनचे सारखे तुकडे हेलिक्समध्ये रचलेले, तीन वळणांत ४९ तुकडे.

यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट १९५६ ची आहे. व्हायरसचा आरएनए दांडीत नेमका कुठे बसतो हा प्रश्न होता. डोनाल्ड कॅस्पर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण व्हायरसची घनता मध्यापासून बाहेरपर्यंत काढली होती. रोझलिंडने आरएनए काढून टाकलेल्या, नुसत्या प्रोटीनच्या दांडीची काढली. दोघांच्या आकड्यांची वजाबाकी केली की आरएनएची जागा निघते. ती निघाली मध्यापासून ४० अँगस्ट्रॉमवर, म्हणजे मधल्या पोकळीत नाही तर प्रोटीनमध्ये रुतलेली. एकट्याच्या आकड्यांवर हे उत्तर निघालं नसतं. दोघांनी ठरवून आपापले पेपर 'नेचर'मध्ये एकापाठोपाठ छापले, ज्याचं काम त्याच्या नावावर. तीन वर्षांपूर्वी याच साप्ताहिकात काय झालं होतं ते आठवा, म्हणजे फरक कळेल. वॉटसन आणि क्रिकशीही तिचा पत्रव्यवहार मोकळा होता. क्रिक पतिपत्नींशी तर मैत्रीच झाली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर तिचं पोट दुखू लागलं. परत आल्यावर तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर काही दिवस ती क्रिक यांच्या घरी राहिली होती. एक्स-रेमुळे झाला का, हे नक्की सांगता येत नाही, पण त्या काळी या किरणांपासून जपण्याची आजच्याइतकी काळजी घेत नसत एवढं खरं. या दुखण्यातच तिने ग्रुपसाठी अमेरिकेतून ग्रँट मिळवली, पेपर लिहिले आणि पोलिओ व्हायरसच्या क्रिस्टल्सचं काम हाती घेतलं. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली. वय ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. त्यात तिने करवून घेतलेलं टोबॅको मोझॅक व्हायरसचं माणसाएवढं मॉडेल मांडलेलं होतं.

१९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. ते मरणोत्तर देत नाहीत. १९८२ मध्ये क्लूग यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, ज्या कामाची सुरुवात तिच्याबरोबर झाली होती. पोलिओचं काम क्लूग आणि जॉन फिंच यांनी पूर्ण केलं आणि १९५९ मध्ये तिच्या स्मृतीला अर्पण केलं. २०१९ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने आपल्या मंगळासाठीच्या रोव्हरला तिचं नाव दिलं.

आता एक्स-रेचं काम पार बदललं आहे. तिला साठ तास लागायचे तिथे सिंक्रोट्रॉनच्या बीमलाइनवर एका क्रिस्टलचा सगळा डेटा मिनिटाच्या आत निघतो. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे इंदूरचं इंडस-२. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना त्यांच्यातून निघणारे एक्स-रे वेगवेगळ्या बीमलाइन्सना मिळतात. त्यातली एक प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची. अशी यंत्रं एकट्याच्या मालकीची नसतातच. अर्ज करायचा, समितीने मंजूर केला की शिफ्ट मिळते, आपले क्रिस्टल घेऊन जायचं, आपली वेळ संपली की जागा दुसऱ्याला. हॉस्टेलच्या बाथरूमसारखंच!

आणि सगळं सामायिक असल्यामुळेच तिथे नियम पक्के असतात. प्रत्येक अर्जाला नंबर, प्रत्येक नमुन्याला नाव, प्रत्येक फोटोसोबत वेव्हलेंग्थ, अंतर, वेळ यांची नोंद आपोआप. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनने २०१५ मध्ये ठरवलं की कच्चा डेटा सेंटर जपून ठेवेल, पहिली तीन वर्षं तो ज्याने प्रयोग केला त्याच्यापुरता आणि त्यानंतर सगळ्यांना खुला, पण वापरणाऱ्याने कोणाचा ते सांगायचं. प्रोटीनच्या रचना १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत जमा होतात. सुरुवात सात रचनांनी झाली, आता दोन लाखांच्या वर आहेत आणि प्रत्येकीवर ती कोणी जमा केली त्यांची नावं. २०२० च्या सुरुवातीला करोना व्हायरसच्या एका प्रोटीनची रचना चीनमधल्या शास्त्रज्ञांनी तिथे खुली केली आणि जगभर औषधांवर काम सुरू झालं. कोणी कोणाचा फोटो चोरून बघायची गरजच उरली नाही.

किंग्जमध्ये असा एक नियम असता तर? फोटो कोणाचा, कोणाला दाखवायचा, नाव कुठे लिहायचं, एवढंच ठरलेलं असतं तर कदाचित चार नावांचा एकच पेपर आला असता. की भांडत भांडत आणखी दोन वर्षं गेली असती? सांगता येत नाही. पण वाटून घेणं वाईट नव्हतं, हे मला पटलेलं आहे. सिग्नरने वाटलं म्हणून सुरुवात झाली, कॅस्परने वाटलं म्हणून आरएनए सापडला. वाईट झालं ते न विचारता घेणं आणि न सांगता वापरणं.

मी आता रीडिंग्ज उतरवत नाही असं लिहिलं तर माझ्या रूममेट्स हा अंक माझ्या डोक्यात घालतील. पण आमच्या बॅचने या सेमिस्टरला एक सुरुवात केली आहे. ऑब्झर्वेशन टेबलच्या खाली रीडिंग घेणारीचं नाव लिहायचं, आणि त्या दिवशी काय बिघडलं होतं तेही. गेल्या व्हायवाला सरांनी पुन्हा एक विचित्र आकडा पकडला. टेबलाखाली लिहिलं होतं, थर्मामीटर मध्येच बदलला, आणि पुढे जिने बदलला तिचं नाव. सरांनी ते वाचलं, तिलाच बोलावलं आणि पुढचे सगळे प्रश्न तिला विचारले. आम्ही बाकीच्या मागे गप्प उभ्या होतो. पण मार्क्स तिला मिळाले, आणि ते तिचेच होते.